ॲम्प्लिफायरचे वॅट आणि स्पीकरची संवेदनशीलता यांची जुळणी कशी करावी?

मींड (मूळ प्रश्न)

माझ्याकडे आकाराने लहान, दोन ड्रायव्हरचे (आवाज निर्माण करणाऱ्या घटकांचे) बुकशेल्फ स्पीकर आहेत. माहितीपत्रकात त्यांची संवेदनशीलता (ठरावीक व्होल्टेजला मिळणारी आवाजाची पातळी) २.८३ व्होल्टला १ मीटर अंतरावर ८५ डेसिबल आणि नाममात्र इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ४ ओहम दिलेला आहे. ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा असून तो ८ ओहमवर ३० वॅट आणि ४ ओहमवर ४५ वॅट देतो. हे आकडे दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजलेले आहेत, असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले आहे. माझी बसण्याची जागा स्पीकरपासून सुमारे ३ मीटरवर आहे.

एकट्या गायकाचे किंवा चार-पाच वाद्यांचे ध्वनिमुद्रण मला पूर्ण समाधान देते. मात्र मोठा वाद्यवृंद आणि समूहगान एकत्र येते, तेव्हा स्वर कडक होऊ लागतात, तालवाद्यांच्या आघातातले वजन नाहीसे होते, आणि त्यापुढे व्हॉल्यूम वाढवला तर आवाज मोठा न होता केवळ कर्कश होतो.

मला दोन सल्ले मिळाले आहेत. एक असा की १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा, आणि दुसरा असा की ॲम्प्लिफायर तसाच ठेवून ९१ डेसिबल संवेदनशीलतेचे, ८ ओहमचे स्पीकर घ्यावेत. माझ्या स्पीकरवर तर ‘शिफारस २५ ते १२० वॅट’ असे छापलेले आहे, म्हणजे आजची जोडी कागदावर योग्यच ठरते. मग नेमके कमी काय पडते आहे, आणि ते कोणत्या मार्गाने भरून काढावे?

प्रयोगवही

वॅट थोडा वेळ बाजूला ठेवून व्होल्टमध्ये विचार केला, तर हा गुंता बराच सुटतो. ट्रान्झिस्टरचे बहुतेक ॲम्प्लिफायर व्होल्टेजचा स्रोत म्हणून काम करतात. व्हॉल्यूम एका जागी स्थिर ठेवला की दिलेल्या संकेताला ते ठरावीक व्होल्टेज देतात, आणि त्या व्होल्टेजला किती करंट वाहायचा हे स्पीकरचा इम्पीडन्स ठरवतो. संवेदनशीलतेच्या मापनासाठी २.८३ व्होल्ट हा आकडा रूढ झाला, कारण ८ ओहमवर त्यातून १ वॅट होतो. आपल्या ४ ओहमच्या स्पीकरवर मात्र त्याच व्होल्टेजला २ वॅट खर्ची पडतात. म्हणजे छापलेले ८५ डेसिबल हे आपल्याला २ वॅटच्या मोबदल्यात मिळतात, आणि प्रति वॅट हिशेब केला तर हाती येतात ८२. दोन माहितीपत्रकांची तुलना करताना एकात ‘प्रति वॅट’ आणि दुसऱ्यात ‘प्रति २.८३ व्होल्ट’ असे असेल, तर ३ डेसिबलचा फरक नकळत गिळला जातो.

आता आपल्या जोडीची कमाल मर्यादा काढून पाहू. ४ ओहमवर ४५ वॅट म्हणजे सुमारे १३.४ व्होल्ट. हे २.८३ व्होल्टच्या ४.७ पट, म्हणजे १३.५ डेसिबलने अधिक आहेत. त्यामुळे एका स्पीकरसमोर १ मीटरवर सुमारे ९८.५ डेसिबल मिळतात. मोकळ्या जागेत ३ मीटरवर त्यातले ९.५ डेसिबल कमी होतात आणि ८९ उरतात. दुसऱ्या स्पीकरमुळे साधारण ३ डेसिबलची भर पडते, आणि बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज आणखी २ ते ३ डेसिबल देतो. तेव्हा आपल्या खुर्चीपाशी क्षणिक शिखरांना ९४ ते ९५ डेसिबल ही या जोडीची सीमा आहे.

हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण मोठ्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी आणि क्षणिक शिखर यांत २० डेसिबलपर्यंत अंतर असू शकते. सरासरी ८० डेसिबलवर असे ध्वनिमुद्रण ऐकायचे, तर शिखरांसाठी १०० डेसिबलची सोय हवी. आपल्याकडे ती ५ ते ६ डेसिबलने कमी पडते, म्हणून शिखरे छाटली जातात (ॲम्प्लिफायरच्या मर्यादेवरचा भाग कापला जातो) आणि आपण वर्णन केलेला कडकपणा येतो. एकट्या गायकाच्या किंवा दाबून समपातळीत आणलेल्या ध्वनिमुद्रणात हेच अंतर १० डेसिबलच्या आसपास असते, त्यामुळे तिथे हाच ॲम्प्लिफायर सहज पुरतो. आपले निरीक्षण या हिशेबाशी तंतोतंत जुळते.

५ ते ६ डेसिबल भरून काढायचे म्हणजे शक्ती सुमारे तीन ते चार पट करायची. वॅट दुप्पट केल्याने ३ डेसिबलच वाढतात, आणि आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी सामान्यतः १० डेसिबल, म्हणजे १० पट शक्ती लागते. म्हणूनच ४५ वॅटच्या जागी ६० वॅटचा ॲम्प्लिफायर आणून काही साधणार नाही, कारण ती वाढ १.२५ डेसिबलची आहे.

स्पीकरवर छापलेल्या ‘२५ ते १२० वॅट’ या शिफारशीला मी फारसे महत्त्व देणार नाही. वरचा आकडा स्पीकर किती उष्णता सोसेल याच्याशी काहीसा निगडित असतो, पण खालचा आकडा उत्पादकाचा ढोबळ अंदाज असतो. आपण किती अंतरावर बसता आणि काय ऐकता, हे त्या अंदाजाला ठाऊक नसते.

खर्ज

प्रयोगवही यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे. मात्र ९१ डेसिबलच्या स्पीकरचा सल्ला स्वीकारण्यापूर्वी त्या डेसिबलची किंमत कोणत्या रूपात मोजावी लागते, ते आपण समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

स्पीकर हे अत्यंत अल्प कार्यक्षमतेचे यंत्र आहे. १ वॅट विद्युतशक्तीचे संपूर्ण रूपांतर ध्वनीत झाले आणि तो ध्वनी समोरच्या अर्ध्या अवकाशात सारखा पसरला, तर १ मीटरवर सुमारे ११२ डेसिबल मिळतील. ९२ डेसिबलचा स्पीकर त्याच्या १ टक्का कामगिरी करतो. प्रति वॅट ८२ डेसिबल देणारा आपला स्पीकर एका टक्क्याच्या दहाव्या भागावर आहे, आणि उरलेली जवळजवळ सगळी शक्ती उष्णता होऊन जाते.

तरीही हा स्पीकर निकृष्ट आहे असे मुळीच नाही, कारण पेटीचे आकारमान, खर्जाची खोली आणि कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मनासारख्या मिळत नाहीत. हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ‘केएलएच’ या कंपनीच्या नावातील ‘एच’ म्हणजे तेच. पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या कामामुळे तो नेमक्या गणितात मांडता आला. कार्यक्षमता ही पेटीच्या आकारमानाच्या आणि खर्जाच्या खालच्या सीमेच्या घनाच्या प्रमाणात असते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्याच पेटीतून एक सप्तक अधिक खोल खर्ज हवा असेल, तर कार्यक्षमता आठ पटींनी, म्हणजे ९ डेसिबलने घटते.

आता आपल्यासमोरच्या दोन स्पीकरांकडे पाहा. नवा स्पीकर ८ ओहमवर ९१ डेसिबलचा आहे, म्हणजे प्रति वॅटही ९१च. आपला प्रति वॅट ८२ आहे. फरक बरोबर ९ डेसिबलचा! म्हणून दोन्ही पेट्यांची जातकुळी सारखी असेल, तर नवा स्पीकर तितकाच खोल खर्ज देण्यासाठी आठपट आकारमानाचा असावा लागेल. किंवा पेटी तेवढीच असेल, तर आपल्याला ५० हर्ट्झपर्यंत मिळणारा खर्ज १०० हर्ट्झपाशीच संपेल. लहान पेटी, खोल खर्ज आणि ९१ डेसिबल हे तिन्ही दावे एकाच माहितीपत्रकात दिसले, तर संवेदनशीलता कोणत्या वारंवारतेवर आणि खोलीत की खोलीबाहेर मोजली आहे, ते आधी शोधावे.

इतिहासात या नियमाची दोन टोके स्पष्ट दिसतात. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून बनवलेला क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्याचाच भोंग्याचा भाग म्हणून उपयोग करून घेतो. त्याची संवेदनशीलता १०५ डेसिबल सांगितली जाते, आणि काही वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरही त्याला पुरेसा ठरतो, पण तो कपाटाएवढा आहे. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरले आणि लहान पेटीतून खोल खर्ज मिळवला, मात्र त्यासाठी अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर लागू लागला. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट मुबलक झाले आणि बहुतेक घरगुती स्पीकर या दुसऱ्या वाटेने गेले.

अतिसंवेदनशील स्पीकरचा आणखी एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर संकेत नसतानाही थोडा गोंगाट असतो. तो १ मिलिव्होल्ट आहे असे धरले, तर ८५ डेसिबलच्या स्पीकरमधून तो १ मीटरवर १६ डेसिबल होतो आणि खोलीच्या शांततेत विरून जातो. तोच गोंगाट १०५ डेसिबलच्या भोंग्यातून ३६ डेसिबल होतो आणि दोन गाण्यांमधल्या विरामात स्पष्ट ऐकू येतो. जुळणी करताना वरच्या टोकाला शक्ती पुरते का हे जसे पाहावे, तसेच खालच्या टोकाला शांतता टिकते का हेही पाहावे.

तिहाई

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. वरील दोन्ही उत्तरांत खुर्ची ३ मीटरवर खिळलेली आहे असे गृहीत धरले आहे. ती २ मीटरवर आणली, तर थेट पोहोचणारा आवाज ३.५ डेसिबलने वाढतो. ही वाढ ॲम्प्लिफायरकडून मिळवायची झाल्यास सव्वादोनपट शक्ती लागेल. परावर्तित आवाज अंतराबरोबर तितका बदलत नाही, म्हणून एकूण पातळीतला लाभ यापेक्षा कमी असेल. पण आपली तक्रार आघातांच्या वजनाची आहे, आणि आघाताचा पहिला क्षण थेट आवाजानेच कानाशी येतो. खोलीत ते शक्य असेल, तर कोणतीही खरेदी करण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

दुसरा पर्याय स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरचा (केवळ खोल खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरचा) आहे, परंतु मुख्य ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या संकेतातून ८० हर्ट्झखालचा भाग गाळला जात असेल तरच. केवळ सबवूफर जोडला आणि मुख्य स्पीकर पूर्ण पट्ट्यावर चालू ठेवले, तर त्यांच्यावरचा भार तसाच राहतो. गाळणी लावल्यास ॲम्प्लिफायरच्या व्होल्टेजवरचा ताण आणि लहान वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या ड्रायव्हरच्या) पडद्याची धाव, म्हणजे त्याची पुढे-मागे होणारी हालचाल, हे दोन्ही कमी होतात. मोठ्या आवाजात ही धावच बहुधा आधी संपते, आणि ती संपली की कितीही वॅट दिले तरी उपयोग नसतो. याच कारणाने टोन कंट्रोलने खर्ज ६ डेसिबल वाढवण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण त्या पट्ट्यात ती चौपट शक्ती मागते.

आवाजाच्या पातळीविषयीही एक गोष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. श्रवणसुरक्षेच्या रूढ निकषानुसार सरासरी ८५ डेसिबल ८ तासांपर्यंत सुरक्षित मानतात आणि प्रत्येक ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला तो एका तासावर येतो. हे बंधन सरासरीवर आहे, क्षणिक शिखरांवर नाही, त्यामुळे अधिक शक्तीचा ॲम्प्लिफायर आपोआप घातक होत नाही. मात्र विकृती हा पुष्कळांच्या बाबतीत हात मागे घेण्याचा इशारा असतो आणि स्वच्छ आवाजात तो इशारा मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

मींड

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खुर्ची अडीच मीटरपर्यंत आणता येईल, त्याहून पुढे नाही, आणि इतका चांगला खर्ज सोडून देण्याची माझी इच्छा नाही. दोन शंका उरल्या आहेत. कमी शक्तीचा ॲम्प्लिफायर ट्वीटर (उच्च स्वर वाजवणारा लहान ड्रायव्हर) जाळतो, असे वारंवार वाचायला मिळते; ते खरे आहे का? आणि माझा ॲम्प्लिफायर खरोखरच शिखरे छाटतो आहे की दोष अन्यत्र आहे, हे ऑसिलोस्कोप (विद्युतलहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) नसताना ठरवता येईल का?

प्रयोगवही

पहिली शंका आधी घेतो. कमी शक्तीचा ॲम्प्लिफायर मर्यादेत वापरला तर तो काहीही जाळत नाही. धोका निर्माण होतो तो मर्यादा ओलांडूनही व्हॉल्यूम वाढवत राहिल्याने. छाटणीतून उत्पन्न होणारी वरची हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतल्या उंच वारंवारता) ट्वीटर जाळतात, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते पूर्णतः चूक नाही, पण मुख्य कारण मला दुसरे वाटते. संगीतातली सर्वांत उंच शिखरे बहुधा खर्जाची असतात. ती व्होल्टेजच्या छताला टेकली की पुढे वाढू शकत नाहीत, परंतु उच्च स्वर त्यांच्या मधल्या जागेत वाढतच राहतात. त्यामुळे संगीताची सरासरी शक्ती शिखरांच्या जवळ सरकते आणि ट्वीटरच्या वाट्याला येणारा भाग त्याच्या ताकदीबाहेर जातो. पूर्ण चौकोनी झालेली लहर त्याच शिखराच्या साइन लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते. ४५ वॅटच्या ॲम्प्लिफायरमधून ९० वॅट बाहेर पडू शकतात ते असे. ट्वीटरची नाजूक कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) सतत काही वॅटच सोसण्यासाठी बनवलेली असते.

दुसऱ्या शंकेसाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. १२० हर्ट्झच्या साइन लहरीची, पूर्ण डिजिटल पातळीच्या १२ डेसिबल खाली नोंदवलेली फाइल मिळवावी किंवा एखाद्या ध्वनिसंपादन प्रणालीत तयार करावी. नंतर आपल्याला सर्वांत अवघड जाणारे ध्वनिमुद्रण लावून व्हॉल्यूम आपण जास्तीत जास्त जिथवर नेता तिथे ठेवावा आणि त्याला पुन्हा हात लावू नये. ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवाव्यात, उघडी टोके एकमेकांना लागत नाहीत याची खात्री करावी, पुन्हा चालू करून ती फाइल वाजवावी आणि एका चॅनेलच्या दोन टर्मिनलमध्ये एसी व्होल्टेज मोजावे. १२० हर्ट्झ यासाठी, की साधे मीटर ५० ते काहीशे हर्ट्झच्या पट्ट्यातच भरवशाचे आकडे दाखवतात. प्लेअरमध्ये आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय असेल तर ती बंद ठेवावी.

दोन खबरदाऱ्या फार महत्त्वाच्या आहेत. हा प्रयोग आउटपुट ट्रान्सफॉर्मर असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर कधीही करू नये, कारण स्पीकर न जोडता संकेत दिल्यास ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. तसेच काही ॲम्प्लिफायरमध्ये ऋण टर्मिनल भूमीशी जोडलेले नसते, म्हणून मीटरची दोन्ही टोके स्पीकरच्या टर्मिनलवरच ठेवावीत.

मिळालेल्या आकड्याला ४ ने गुणले, की ध्वनिमुद्रण पूर्ण पातळीला पोहोचेल तेव्हा ॲम्प्लिफायरला किती व्होल्ट द्यावे लागतील ते कळते. आपली सीमा १३.४ व्होल्ट आहे.

मींड

मापन केले. अडीच मीटरवर बसून, वाद्यवृंदाचा सर्वांत भरगच्च भाग लावून, कडकपणा जिथे खटकू लागतो तिथे व्हॉल्यूम ठेवला होता. मीटरने ४.६ व्होल्ट दाखवले. दोन्ही चॅनेलवर आकडा सारखाच आला.

प्रयोगवही

४.६ गुणिले ४ म्हणजे १८.४ व्होल्ट. ॲम्प्लिफायर १३.४ देऊ शकतो, तेव्हा पूर्ण पातळीच्या शिखरांना सुमारे २.७ डेसिबलची छाटणी होत आहे. ॲम्प्लिफायर कमी पडतो आहे हे आता गृहीतक राहिले नाही.

१८.४ व्होल्ट ४ ओहमवर देण्यासाठी ८५ वॅट लागतात. पण आपण व्हॉल्यूम खटकू लागला तिथेच थांबवला आहे. स्वच्छ आवाज मिळाल्यावर आपण आणखी थोडे वर जाल, म्हणून मी ३ डेसिबलची मोकळीक धरीन. त्या हिशेबाने ४ ओहमवर सुमारे १७० वॅटचा ॲम्प्लिफायर हवा. ८ ओहमवर १०० आणि ४ ओहमवर १६० वॅट देणारा ॲम्प्लिफायर २५.३ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे २.८ डेसिबल शिल्लक ठेवतो, आणि तो मला योग्य वाटतो. निवडताना ८ ओहमच्या आकड्यापेक्षा ४ ओहमचा आकडा पाहावा. जो ॲम्प्लिफायर ८ ओहमवर १०० आणि ४ ओहमवर जेमतेम ११० वॅट देतो, त्याचा वीजपुरवठा किंवा करंट कमी पडतो, आणि आपल्या स्पीकरवर तो २१ व्होल्टपाशीच थांबेल. शक्तीचे आकडे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यावर आणि दोन्ही चॅनेल चालवून मोजलेले असावेत. १ किलोहर्ट्झवर, १० टक्के विकृतीसह मोजलेला आकडा या हिशेबात धरू नये.

खर्ज

एवढे वॅट लहान स्पीकरला सोसतील का, अशी शंका आपल्याला येणे स्वाभाविक आहे, म्हणून तेवढा हिशेब पुरा करतो. पूर्ण पातळीला १८.४ व्होल्ट असतील आणि संगीताची सरासरी त्याखाली १८ डेसिबल असेल, तर सरासरी व्होल्टेज २.३ आणि सरासरी शक्ती सव्वा वॅटच्या आसपास राहते. कॉइल तापते ती या सरासरीने. त्यामुळे वाद्यवृंदासाठी आपले स्पीकर सुरक्षित आहेत. सतत एकाच जाड पातळीवर वाजणारे, दाबलेले संगीत याच व्हॉल्यूमवर तासभर लावले, तर मात्र कॉइलचे तापमान बरेच चढते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे १०० अंशांनी तापलेल्या कॉइलचा रोध १.४ पट होतो आणि आवाज ३ डेसिबलच्या जवळपास खाली येतो. अशा संगीताला व्हॉल्यूम आपण वाद्यवृंदासाठी ठेवता त्यापेक्षा ८ ते १० डेसिबल खाली ठेवावा; कानाला तो तेवढाच मोठा वाटेल.